खुलासा : बोटीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा दम ऑइल वाढवून परत येत नाही

‘टू-स्ट्रोक आउटबोर्ड फुल थ्रॉटलला दम सोडत असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल वाढवा’ हा फिरत असलेला सल्ला चुकीचा आहे. 50:1 चं (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) इंजिन असेल तर लिटरला 20 मिली ऑइल पुरतं. त्यावर ओतलेल्या ऑइलने स्पार्क प्लग काळे, ओले होतात. शिवाय तेवढं पेट्रोल कमी जाऊन हवा-पेट्रोलचं मिश्रण उलट पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं.

आधी पेट्रोल पोचतंय का ते बघा. इंजिन बसू लागलं की दुसऱ्या माणसाला होजवरचा (पेट्रोलच्या नळीवरचा) प्रायमर बल्ब, म्हणजे हाताने पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा, दाबायला सांगा. दाबताच इंजिनने उचल घेतली, तर दोष पेट्रोलच्या वाटेत किंवा फ्युएल पंपात आहे. बल्ब आत ओढला जाऊन चपटा झालाय? मग टाकीकडून अडथळा आहे. बहुतेक वेळा झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो. बल्ब कडकच होत नसेल तर होजचे कनेक्टर आणि ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) तपासा, तिथून हवा शिरते.

पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल वापरूच नका: पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून खाली बसलेलं असतं.

आरपीएम चढतो पण बोट पळत नाही, तेव्हा मात्र प्रोपेलरचा रबर हब (प्रोपेलर आणि शाफ्टच्या मधला रबरी भाग) घसरतोय का ते बघा.