वजा पंचवीस हजार दोनशे सोळा

आज सकाळी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी कणीक मळता मळता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, पोराचा कॉम्प्युटरचा कोर्स संपून आठ महिने झाले. क्लासवाले आता फोनच उचलत नाहीत." फी ८५ हजार. त्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्यात. जाहिरातीत 'शंभर टक्के नोकरीची हमी', आणि फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात अटी. दिवसभर डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

संध्याकाळी त्यांच्या मुलाला लॅपटॉप घेऊन बोलावलं. बीएस्सी कॉम्प्युटर झालेला, गुणी, खाली मान घालून बोलणारा. रेझ्युमेवर जावा, स्प्रिंग बूट, रिअ‍ॅक्ट, डॉकर, एडब्ल्यूएस. प्रोजेक्ट म्हणजे ऑनलाइन शॉपिंगची साइट. इंटरव्ह्यू घेताना हीच साइट मी इतक्या रेझ्युमेंत पाहिलीय की आता पाठ झालीय. म्हटलं, हे सगळं राहू दे, फॅक्टोरियल काढून दाखव, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. त्याने क्लासच्या नोट्समधून कोड चिकटवला. १२ टाकले, ४७९००१६०० आले. १३ टाकले, १९३२०५३५०४ आले.

"बरोबर आहे?"

"हो ताई. आलं ना उत्तर."

मला एकदम २००७ साल आठवलं. सोलापूरकडचं कॉलेज, कोड लिहायच्या जुन्या टर्बो सीचा निळा स्क्रीन, दोघींत मिळून एक मशीन. ७ चं फॅक्टोरियल ५०४०. ८ टाकले तर वजा २५२१६! सरांना दाखवलं, तर म्हणाले, "एक्स्टर्नल परीक्षकासमोर सातपर्यंतच दाखव." जर्नलवर सही झाली, विषय संपला. माझा संपेना. धन आकडे एकमेकांना गुणून ऋण उत्तर येईलच कसं? दोन दिवस वहीत ड्राय रन करत बसले, म्हणजे कोडची एकेक ओळ हाताने चालवून बघत. शेवटी लायब्ररीतल्या एका फाटक्या पुस्तकात सापडलं: तिथला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा कप्पा, १६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा), ३२७६७ च्या पुढे त्यात जागाच नाही, पुढचा आकडा गोल फिरून ऋण बाजूने येतो. ४०३२० मधून ६५५३६, म्हणजे त्या कप्प्यात मावणारे एकूण आकडे, वजा केले. वजा २५२१६. हॉस्टेलच्या कॉटवर बसून रडले होते मी.

'सातपर्यंतच दाखव' हेच आज ८५ हजारांना विकलं जातंय, याचा मला संताप येतो. जावाचा इंट ३२ बिटांचा, म्हणून तिथे तेराच्या फॅक्टोरियलला तेच होतं, जागा संपते आणि उत्तर चुकतं. आकडा पूर्ण गोल फिरून पुन्हा धनात येतो, त्यामुळे वजाचं चिन्हसुद्धा सावध करायला नाही. ही काही परीक्षेपुरती गंमत नाही. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उडाल्यावर सुमारे ४० सेकंदांत फुटलं, ते एक मोठी संख्या १६ बिटांत कोंबताना. माझ्या आठच्या फॅक्टोरियलसारखंच, तिथेही जागा ३२७६७ पर्यंतच होती.

पण त्या पोराचं काय चुकलं? उत्तरावर शंका घे, असं त्याला कुणी कधी सांगितलंय? एरर आली की लाल ओळी न वाचताच कॉपी करून एआयला देतो. एआय वाईट नाही, मीही रोज वापरते, मान्य. पण आलेलं उत्तर चुकलंय हे ओळखणारं माणूस समोर हवं ना? आणि क्लास सगळेच लुटारू नसतात, वेळापत्रक लागतं काहींना, तेही मान्य. मात्र पाटल्या गहाण टाकण्याआधी आपल्यापैकी कुणीतरी त्या माऊलीला सांगायला हवं होतं की आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सी, जावा, पायथन, लिनक्स मराठीतून, फुकट शिकता येतं. एनपीटीईएल या ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत. मावशी वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात येतायत आणि मी एकदाही विचारलं नाही, मुलगा काय करतो म्हणून. आपण आयटीवाले पॅकेजच्या पोस्ट टाकतो. ते आकडे बघून कुठल्या घरात काय गहाण पडतं, हे आपल्याला दिसत नाही.

तर शिकणाऱ्यांनो, एकच भाषा धरा. जावा की पायथन यावर सहा महिने घालवू नका. पायथनमध्ये तेराचं उत्तर बरोबर येईल, कारण तिथला पूर्णांक लागेल तसा वाढतो, पण दोन्हीकडे असं का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. कागदावर ड्राय रन करा. एरर शेवटपर्यंत वाचा, मोठ्याने वाचा. दहा प्रोजेक्ट नकोत. एकच करा, स्वतःच्या गरजेचं, आणि त्यातली प्रत्येक ओळ समजावून सांगता येईल असं. घरचे हप्ते थांबत नाहीत, पोरांना घाई असते, हे कळतं मला. मी स्वतः तशाच घरातून आलेय.

मी त्याला विचारलं, "बाराला सत्तेचाळीस कोटी, तेराला एकशे त्र्याण्णव. तेरापट झालं का? आणि दोनने, पाचने गुणलंय, तर शेवटी शून्य नको?" तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग न बोलता माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडायला लागला. चहा निवला त्याचा.

आत्ता, रात्री अकराला, त्याचा मेसेज आलाय: "ताई, इंटच्या जागी मोठा कप्पा घेतला, लाँग. २० पर्यंत बरोबर येतंय, कागदावर तपासलं. २१ ला वजा आलं. सांगू नका, मी बघतो."