स्क्रूज घाबरून सुधारला? पुस्तकात तसं लिहिलेलं नाही

डिसेंबर उजाडला की एक मजकूर दरवर्षी फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: "चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधला कंजूष स्क्रूज बदलला वगैरे काही नाही. भुतांनी त्याला त्याचीच कबर दाखवली, तो टरकला आणि मरणाच्या भीतीने दानधर्म करायला लागला. एका रात्रीत कुणाचा स्वभाव पालटत नाही. एक टर्की पाठवली आणि पापं धुतली. कारकुनाला तर तो बाजारभावाने पगार देतच होता. आणि लेखकाला तरी काय, नाताळच्या तोंडावर पैसे हवे होते."

हे पटकन पटतं, कारण बहुतेकांनी ही गोष्ट चित्रपटात किंवा शाळेच्या कार्यक्रमात पाहिलेली असते आणि तिथे कबरीचा प्रसंगच सगळ्यात ठसठशीत असतो. मूळ पुस्तक छोटं आहे, पाच प्रकरणांचं. दोन-तीन तासांत वाचून होतं. ते समोर ठेवून एकेक मुद्दा घेऊ.

"कबर पाहून घाबरला, म्हणून बदलला."

कबर येते चौथ्या प्रकरणाच्या अगदी शेवटी. तोवर काय काय होऊन गेलेलं असतं, ते क्रमाने बघा.

दुसऱ्या प्रकरणात गेलेल्या नाताळांचं भूत, तीन भुतांपैकी पहिलं, त्याला त्याच्या जुन्या शाळेत नेतं. सुट्टीला सगळी मुलं घरी गेलेली आणि एकटा पोरगा मंद शेकोटीशेजारी वाचत बसलेला. तो पोरगा म्हणजे स्क्रूजच. म्हातारा स्क्रूज बाकावर बसून रडतो, बाहीने डोळे पुसतो आणि म्हणतो की काल रात्री एक मुलगा माझ्या दाराशी नाताळचं गाणं म्हणत होता, त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. पहिल्या प्रकरणात याच मुलाला बघून त्याने टेबलावरचा रूळ असा काही उचलला होता की पोर जीव घेऊन पळालं. पहिला बदल हा इथे आहे, आणि तो एका रडणाऱ्या माणसाला दुसऱ्या मुलाची आठवण होण्यातून आलेला आहे.

पुढे फेझिविगची पार्टी. हा स्क्रूजचा उमेदवारीतला मालक. नाताळच्या आदल्या संध्याकाळी काम थांबवतो, दुकानातलं सामान बाजूला सारतो, सारंगीवाला बोलावतो आणि सगळ्यांना नाचायला लावतो. भूत मुद्दाम डिवचतं: याने खर्च केले जेमतेम तीन-चार पौंड, त्यात एवढं कौतुक कसलं? यावर स्क्रूज उसळतो. मालकाच्या हातात आमचं काम हलकं करणं किंवा जड करणं असतं, ते शब्दांत आणि नजरेत असतं, त्याने दिलेला आनंद एखाद्या मोठ्या मालमत्तेएवढा असतो, असं तो बोलून जातो. मग एकदम गप्प होतो. काय झालं म्हणून भुताने विचारल्यावर सांगतो की आत्ता माझ्या कारकुनाशी दोन शब्द बोलता आले असते तर बरं झालं असतं. रुपया-पैशांत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून, हिशेबाच्याच वादात, हे निघालेलं आहे. इथवर त्याच्या मरणाचा विषय कुणी काढलेलाही नाही.

तिसऱ्या प्रकरणात दुसरं भूत समोर येताच तो म्हणतो की काल मला ओढून नेलं, पण जो धडा मिळाला तो आता आत काम करतो आहे, आज काही शिकवायचं असेल तर त्याचा मला फायदा होऊ दे. कारकून बॉब क्रॅचिटच्या घरी त्याच्या आजारी मुलाला बघून तो विचारतो, टायनी टिम जगेल का? पूर्वी कधी वाटली नव्हती अशा आस्थेने हे विचारलं, असं डिकन्स स्वतः नोंदवतो. भूत त्याला त्याचंच वाक्य परत ऐकवतं: मरू दे की, फालतू लोकसंख्या तेवढीच कमी होईल. स्क्रूज मान खाली घालतो, पश्चात्तापाने आणि दुःखाने.

चौथ्या प्रकरणात तर कबरीच्या कितीतरी आधी, तिसऱ्या, मुक्या भुताला तो सांगतो की तू माझ्या भल्यासाठी आला आहेस हे मला कळतं आणि मला वेगळा माणूस होऊन जगायचं आहे, म्हणून तुझ्याबरोबर येतो. त्यानंतर व्यापाऱ्यांच्या एक्स्चेंजमध्ये तो आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात स्वतःला शोधतो. तिथे दुसराच कुणी उभा असतो. त्याला याचं नवल वाटत नाही, कारण आयुष्य बदलायचं त्याच्या मनात घोळत असतं आणि आपला तो निश्चय पार पडला म्हणूनच आपण इथे नाही, असं तो धरून चालतो. या एका ओळीपुढे "कबर पाहून बदलला" टिकत नाही. निश्चय आधीच झालेला आहे.

भीती नाहीच, असं मात्र म्हणू नये. तिसऱ्या भुतापुढे त्याचे पाय लटपटतात, थडग्यावर आपलं नाव वाचल्यावर तो गुडघ्यांवर कोसळतो. पण त्याआधी, थडग्याकडे जाताना, तो विचारतो काय? या घडणारच अशा गोष्टींच्या सावल्या आहेत, की नुसत्या घडू शकतील अशा? नुसतं मरण नको असलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही, कारण मरण कुणालाच चुकत नाही. वाट बदलली तर शेवट बदलतो का, हे त्याला हवं आहे. आणि जाग आल्यावर त्याचा आनंद कशाचा? हातात उरलेला वेळ आपला आहे आणि त्यात भरपाई करता येईल, याचा.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, जी नाटकांत बहुतेक वेळा कापली जाते. दुसऱ्याच प्रकरणात बेल, त्याची ठरलेली बायको, लग्न मोडायला आली आहे. लग्न ठरलं तेव्हा दोघंही गरीब होते आणि त्यात समाधानी होते. आता माझ्या जागी सोन्याची मूर्ती येऊन बसली, असं ती म्हणते. स्क्रूज तावातावाने सांगतो की जग गरिबीइतकं दुसऱ्या कशाला निष्ठुरपणे वागवत नाही. त्यावर बेलचं उत्तर: तू जगाला फार घाबरतोस. जगाने आपल्याला हिणवू नये, या एका आशेत तुझ्या बाकीच्या सगळ्या आशा विरघळून गेल्या.

म्हणजे भीती या गोष्टीत आहेच, पण ती त्याला कवडीचुंबक करणारी आहे. त्याचं राहणं बघा. गडगंज पैसा असून जिन्यावर अंधार ठेवतो, कारण अंधार स्वस्त पडतो. सर्दी झाली म्हणून शेगडीवर पेज, बस. चैनीसाठी हपापलेला माणूस स्वतःवर तरी खर्च करतो. हा स्वतःवरही करत नाही, कारण पैसा त्याला तटबंदी म्हणून हवा आहे. भीतीनेच बिघडलेल्या माणसाला आणखी भीती घातली असती तर त्याने तिजोरीला दुसरं कुलूप लावलं असतं. म्हणून डिकन्स आधी शाळा दाखवतो, बहीण दाखवतो, फेझिविग दाखवतो, आणि कबर सर्वांत शेवटी.

"एका रात्रीत स्वभाव पालटत नाही."

पालटत नाही, खरंच. पण स्क्रूजला नवा स्वभाव दिलेला नाही. शाळेतला तो पोरगा अलीबाबाच्या आणि रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टींत रमणारा आहे. बहीण फॅन त्याला घरी न्यायला येते तेव्हा त्याचा जीव तिच्यात गुंतलेला दिसतो. ती पुढे एक मूल मागे ठेवून वारली. ते मूल म्हणजे भाचा फ्रेड, ज्याला स्क्रूजने त्याच दिवशी हाकलून लावलं होतं. भूत ही आठवण करून देतं तेव्हा तो अस्वस्थ होतो. हे सगळं आत होतंच, वर वर्षानुवर्षं माती चढली होती. फ्रेडही एका दिवसाचा पाहुणा नाही. मामा चिडो वा न चिडो, दरवर्षी जाऊन बोलावणार, असं तो आपल्या घरच्या जेवणावळीत सांगतो.

बदल टिकला का, याचंही उत्तर पुस्तकात आहे. बोलला त्याहून कितीतरी जास्त त्याने केलं, लोक हसले तर हसू दिलं, टिमला तो दुसरा बाप झाला. टिम मेला नाही, हे हस्तलिखितात नव्हतं, डिकन्सने ते छपाईच्या वेळी घातलं आणि "नाही" हा शब्द मोठ्या अक्षरांत छापून घेतला. वाचकाला शंका उरू नये, याची त्याला काळजी होती.

"एक टर्की पाठवली आणि पापं धुतली."

इथे चित्रपटांनी फार घोळ केला आहे. अनेक चित्रपटांत स्क्रूज नाताळच्या दिवशी भेटवस्तू घेऊन क्रॅचिटांच्या दारात उभा राहतो. पुस्तकात तो त्या दिवशी तिथे जातच नाही.

त्या दिवसाचा क्रम असा आहे. सकाळी खिडकीतून एका मुलाला हाक मारून पुढच्या गल्लीपलीकडच्या दुकानातली मोठी टर्की मागवतो. ती एवढी अवजड की हातात धरून कॅम्डन टाऊनपर्यंत नेणं अशक्य, म्हणून वर गाडीभाडं देतो. कुणी पाठवली हे बॉबला कळू द्यायचं नाही, हे तो स्वतःशीच ठरवतो. पुण्याचा देखावा करायचा असता तर नाव आधी सांगितलं असतं. मग दाढी करून, चांगले कपडे घालून बाहेर पडतो. रस्त्यात आदल्या दिवशी वर्गणी मागायला आलेले आणि रिकाम्या हाती गेलेले गृहस्थ भेटतात. त्यांच्या कानात तो एक आकडा सांगतो. आकडा आपल्याला कळत नाही, पण यात मागची बरीच थकबाकी धरली आहे, असं तो म्हणतो. व्यापाऱ्याचा शब्द आहे हा. दान न म्हणता तो त्याला देणं म्हणतो.

त्यानंतर चर्च, मग रस्त्यांवरून भटकणं, भिकाऱ्यांशी बोलणं. दुपारी फ्रेडचं घर, आणि तिथे दार ठोठावायचा धीर होईना म्हणून डझनभर वेळा समोरून जातो. पैसे देणं त्याला सोपं गेलं, भाच्याला तोंड दाखवणं अवघड. पगारवाढ येते दुसऱ्या दिवशी, बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा आल्यावर.

"त्याची दया एका घरापुरती" असंही पुढे जोडलं जातं. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी भुताच्या झग्याखालून दोन खंगलेली मुलं निघतात, मुलगा म्हणजे अज्ञान आणि मुलगी म्हणजे ददात. यांना काही आसरा नाही का, असं स्क्रूज विचारतो. भूत त्याचेच शब्द फेकतं: तुरुंग नाहीत का? वर्कहाऊस नाहीत का? ही 1834 च्या गरीब कायद्यानंतरची खरीखुरी वर्कहाऊस होती, कामाच्या बदल्यात गरिबांना आसरा देणारी आणि नवरा-बायको-मुलांना वेगवेगळं ठेवणारी. 1843 मध्ये बालकामगारांवरचा सरकारी अहवाल वाचून डिकन्सला आधी पत्रक काढायचं होतं. ते सोडून त्याने ही गोष्ट लिहिली. कायदा कसा बदलावा हे पुस्तक सांगत नाही, एवढी टीका न्याय्य आहे. पण डोळा एका घरावर होता, हे चूक.

"पगार तर बाजारभावानेच होता."

असेलही. स्क्रूजने कुणाला फसवल्याचं डिकन्स कुठेच लिहीत नाही, आणि तेच टोचणारं आहे. आकडे घेऊन बघू. बॉबला आठवड्याला 15 शिलिंग. सहा दिवसांनी भागले तर रोजचे अडीच शिलिंग, म्हणजे बरोबर एक हाफ क्राऊन. नाताळच्या सुट्टीवरून स्क्रूज कुरकुरतो की मी तुझा हाफ क्राऊन कापला तर तुला अन्याय वाटेल. हिशेब पैचाही चुकलेला नाही. आता नाताळच्या सकाळचं बघा. टर्कीवाल्याला बोलावून आणायला मुलाला एक शिलिंग, आणि पाच मिनिटांच्या आत आणलं तर हाफ क्राऊन. कारकुनाचा अख्ख्या दिवसाचा पगार तो पाच मिनिटांच्या धावपळीवर उधळतो. डिकन्सने हेच नाणं दोन्हीकडे ठेवलं आहे.

त्या पंधरा शिलिंगांत चार खोल्यांचं घर आणि सहा मुलं. थोरली मार्था टोप्या शिवण्याचं काम शिकते, तासन्‌तास राबते. घरात भट्टी नाही, म्हणून हंस भाजायला बेकरीत दिलेला. पुडिंग कपडे उकळायच्या हंड्यात, त्यामुळे झाकण काढताच धुण्याचा वास. हंस सगळ्यांना पुरेल म्हणून सोबत सफरचंदाची चटणी आणि कुस्करलेले बटाटे. प्यायला दोन पेले आणि कान तुटलेला एक कप, बस. पुडिंग लहान आहे, असं घरातलं कुणी बोलत नाही. बाजारभाव बरोबर असू शकतो आणि तरी हे घर असं असू शकतं, हे स्क्रूजला त्या घरात उभं राहिल्यावर कळतं.

"पैशासाठी लिहिलं."

पैशाची गरज होती, हे खरं. चालू कादंबरीचा खप घसरला होता. पण पुस्तक स्वस्तात काढायचं सोडून त्याने सोनेरी कडा आणि हाताने रंगवलेली चित्रं यांवर स्वतः खर्च केला, किंमत मात्र 5 शिलिंगच ठेवली. 19 डिसेंबर 1843 ला ते आलं, नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत 6,000 प्रती संपल्या आणि हाती 230 पौंड नफा लागला. त्याची अपेक्षा 1,000 ची होती.

ज्यांना यंदा नाताळच्या कार्यक्रमात हे नाटुकलं बसवायचं असेल, त्यांनी चार जागा कापू नयेत: दाराशी गाणाऱ्या मुलाची आठवण, फेझिविगच्या तीन-चार पौंडांचा वाद, बेलचं "तू जगाला फार घाबरतोस" आणि एक्स्चेंजमध्ये स्वतःला न सापडणं. चारही मिळून पाच मिनिटांच्या वर जात नाहीत. वेळ कमी पडला तर कबरीच्या प्रसंगातला धूर आणि घंटा कमी करा, तिथे एवढी मिनिटं सहज निघतात.