पास-फेल कोर्समुळे मेडिकलचं दार बंद होत नाही

अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये एक मजकूर पुढे पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं असं: कॉलेजात एकही कोर्स ग्रेड न घेता पास-फेल केला तर मेडिकल स्कूल विसरा. अर्जात ‘पास’ म्हणजे सी ग्रेड धरतात, मेडिकल स्कूलना पास-फेल म्हणजे आळस वाटतो, आणि ग्रेड न देणाऱ्या कॉलेजांत प्री-मेड (पुढे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या) मुलांनी जाऊच नये. यावर विसंबून एखाद्या मुलीने आवडीचा चित्रकलेचा कोर्स सोडावा, हे मला फार वाईट वाटतं.

‘पास’चा सी धरतात हे साफ चूक. एमडीचे (अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीचे) बहुतेक अर्ज ‘अ‍ॅमकास’ या सेवेतून जातात. ती जीपीए (ग्रेडची सरासरी) स्वतः मोजते: जीवशास्त्र, रसायन, भौतिकी, गणिताचा वेगळा, बाकी विषयांचा वेगळा आणि एकूण. पास झालेल्या कोर्सचे तास ती स्वतंत्र दाखवते. त्यांनी जीपीए वर जात नाही, खालीही येत नाही.

आता ‘एकही कोर्स’. इथे मजकुरात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो खरा वाटतो. जनरल आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री, जीवशास्त्र, भौतिकी, बायोकेमिस्ट्री हे प्रवेशासाठी लागणारे विषय अनेक मेडिकल स्कूलना लेटर ग्रेडसहच (ए, बी, सी) हवे असतात. ग्रेडची सोय असताना ऑर्गॅनिक पास-फेल घेतलं, तर प्रवेश समितीला शंका येणारच, आणि ती रास्त आहे. पण तोच नियम नाटकाच्या किंवा कुंभारकामाच्या कोर्सला लावणं चूक आहे. कोर्स कोणता आणि पास-फेल ठरवलं कोणी, विद्यार्थ्याने की कॉलेजने, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. याच्या उलटही एक समज आहे, की पास-फेल घेतलं की कोर्स झाकला जातो. तसंही नाही. अर्ध्यात सोडलेल्या कोर्ससकट सगळं अर्जात लिहावं लागतं आणि ट्रान्सक्रिप्टशी (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकाशी) ताडून पाहिलं जातं.

कॉलेजने ठरवलेल्या पास-फेलचं ठळक उदाहरण एमआयटीचं. तिथे पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांनाच फक्त ‘पास’ मिळतो आणि नापास झालेल्या कोर्सची बाहेर नोंदच जात नाही. त्या सेमिस्टरला मुलं रसायन, भौतिकी, कॅल्क्युलससारखेच विषय घेतात, म्हणजे नेमके मेडिकलला लागणारे. तरीही एमआयटीची मुलं मेडिकलला जातात, कारण समित्यांना ही पद्धत माहीत असते आणि पुढच्या वर्षांचे ग्रेड त्यांच्यासमोर असतात. ब्राउन विद्यापीठ १९६९च्या सुधारणांपासून कोर्स ग्रेडशिवाय घेऊ देतं आणि स्वतः जीपीए काढतच नाही. तिथूनही डॉक्टर होतात. २०२०च्या वसंतात कोविडमुळे असंख्य कॉलेजांनी पास-फेल लावलं, तेव्हाही अनेक मेडिकल स्कूलनी ते स्वीकारलं, मात्र प्रत्येकाच्या अटी सारख्या नव्हत्या.

आळसाचा मुद्दा तर टिकतच नाही. पहिल्या टप्प्याचं शिक्षण बहुतेक अमेरिकन मेडिकल स्कूल स्वतःच पास-फेलवर चालवतात. यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेची पहिली पायरी जानेवारी २०२२पासून पास-फेल झाली. अर्थात हे प्रवेश मिळाल्यानंतरचं. अर्ज करताना जीपीए आणि एमकॅट या प्रवेश परीक्षेचं वजन आहेच, आणि ग्रेड मिळालेले सायन्सचे कोर्स जितके थोडे, तितका एमकॅटवर भार जास्त.

मुलाने काय करावं? अर्ज करायच्या प्रत्येक मेडिकल स्कूलची अट एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या ‘एमसार’ या माहितीसंग्रहात पाहावी आणि कॉलेजच्या प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायझरला (मेडिकलसारख्या शिक्षणासाठी सल्ला देणाऱ्याला) विचारावं. ग्रेड की पास-फेल हे निवडायची मुदत प्रत्येक कॉलेजात वेगळी असते. ती उलटायच्या आत विचारावं.