हिस्सो दिसतलो काय?

दोन डागी आंबे. भर मे महिन्यात, दुचाकीवरून, कणकवली ते देवगड अशा तीन खेपा घातल्या आणि पदरात पडले दोन डागी आंबे.

मी बागायतदारांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकतो. पेट्या किती गेल्या, वाशी बाजारातून विक्रीची पट्टी किती आली, हमाली-भाडं किती कापलं, सगळं दिसतं. गिऱ्हाईक राजी होतं. फक्त 18 टक्के जीएसटीवर अडलं. "आंब्याक जीएसटी नाय, नि आंबे मोजणाऱ्याक 18 टक्के?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तरी चेकबुक बाहेर आलं. तेवढ्यात रिकाम्या क्रेटवर तंबाखू मळत बसलेले काका बोलले. तीन खेपांत मी त्यांना शेडमधलं सामानच समजत होतो.

"झिला, लाईट गेल्यार ह्यां चलता?"

"मोबाइलवर चालतं, काका."

"रेंज गेल्यार?"

"रेंज आली की जुळतं आपोआप."

"नि वांदरान खाल्लेलो आंबो खय लिवतास?"

मी ऐटीत 'नुकसान' हा रकाना उघडून दाखवला. काका क्रेटसकट पुढे सरकले.

"सगळा दिसता मरे! मगे ह्या बागेत माझो हिस्सो दिसतलो काय?"

"दिसेल की! सातबाऱ्यावरची नावं भरायची, प्रत्येकाचा हिस्सा निघतो. मेसेजसुद्धा जातो."

पेटीत गवत भरणारे गड्यांचे हात थांबले. चेकबुक खिशात गेलं. "पावसात बघूया," गिऱ्हाईक म्हणालं.

पुण्यात आम्हाला दोन दिवस कोंडून शिकवलं होतं, ग्राहकाचं दुखणं ओळखा म्हणून. दुखणं समोर बसून तंबाखू मळत असेल, हे कोणी बोललं नाही. सामाईक सातबारा, त्यावर आजोबांपासूनची नावं, निम्मी मुंबईला. अशा घरात हिशेबाची वही उशाखाली असते आणि मी तिला मेसेज पाठवायला शिकवत होतो! चूक माझीच. पण मागच्या खेपेला यांचा प्रिंटर तासभर खपून फुकट दुरुस्त केला, तेव्हा चहासुद्धा विचारला नव्हता, तो राग वेगळा.

गाडीला किक मारतोय तोच काका धावत आले.

"ता सॉफ्टवेअर माझ्या मोबाइलात घालून दी. फुकट ना?"

आणि बटणांचा फोन पुढे केला, रबर लावलेला.