टाय आहे, टोपी नाही

ठाण्याच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर दर मार्चमध्ये तोच वाद पेटतो, शाळा सकाळची करा का सुट्टी लवकर द्या. आणि हे काय आमच्याच घरातलं नाही, सरकारचंही तेच चाललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका, पोरांची झोप होत नाही. मार्च २०२५ मध्ये उन्हाचा आदेश आला, शाळा ७ लाच भरवा, प्राथमिक ११.१५ ला सोडा, माध्यमिक ११.४५ ला. वर त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ताणल्या. म्हणजे झोप पाहिजे का ऊन नको, एकच काय ते ठरवा.

वहिनीचं म्हणणं, "ताई, तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात बरंय, सगळं नियमात असतं." दादाचं म्हणणं, आपण नाही का वाढलो उन्हात, काही झालं का. मला दोघांचंही पटत नाही. सगळी चर्चा घड्याळाचीच. पोरं जिथे खेळतात तिथे सावली आहे का आणि त्यांच्या डोक्यावर काही आहे का, हे कोणी विचारतच नाही.

बरं घड्याळाचंच धरायचं तर ठाण्यात सूर्य डोक्यावर येतो १२ ला नाही, साडेबाराच्या पुढे, कारण आपलं घड्याळ आपल्यापेक्षा पूर्वेकडच्या रेषेवर लावलेलं आहे. म्हणजे ११.४५ ला सुटलेलं पोरगं घोडबंदर रोडला बसची वाट बघत उभं असतं ते ऐन कडाक्याच्या उन्हात, आणि दुपारच्या शिफ्टची पोरं तर गेटबाहेर लाईन लावतात तीच मुळी सव्वाबाराला. मेच्या मध्यावर तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, त्याचे फोटो सगळे टाकतात, बाटली उभी केली बघा सावलीच नाही वगैरे. ऊन सरळ टाळूवर येतं याचा यापेक्षा वेगळा पुरावा काय पाहिजे.

आता इकडचं सांगते. मेलबर्नमध्ये ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत शाळेत टोपी लागते. टोपी म्हणजे पुढे चोच असलेली कॅप नाही चालत, कान आणि मान झाकणारी रुंद काठाची. विसरलात तर घरी पाठवत नाहीत, ओरडत नाहीत, फक्त मैदानात जायचं नाही, व्हरांड्यात नाहीतर शेडखाली बसून खेळायचं. दोनदा तसं बसलं की पोरगं स्वतःच सकाळी टोपी शोधतं. चाईल्डकेअरमध्ये दारातच एक टेबल असतं, त्यावर पंपाची मोठी सनस्क्रीनची बाटली आणि पोरांच्या उंचीचा आरसा. तीन वर्षांची पोरं नाकावर, गालावर ठिपके देऊन आरशात बघत चोळतात, निम्मं केसात जातं, मग टीचर नीट लावून देतात. त्यासाठी आधी आईबापाची सही घेतात. आणि सप्टेंबरात स्वेटर घालायची थंडी असली तरी हे चालूच, कारण ते टेंपरेचर बघत नाहीत, यूव्ही इंडेक्स म्हणजे अतिनील किरणांच्या जोराचा आकडा बघतात, ३ झाला की टोपी. हे मला आवडतं, कारण अंगाला जाणवतो तो उकाडा आणि कातडी भाजतात ती अतिनील किरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण हे लोक एवढे काटेकोर का, तर त्यांना जबर फटका बसलाय. इथे सत्तरीपर्यंत साधारण तिघांतल्या दोघांना कुठला ना कुठला स्किन कॅन्सर होतो. गोरी कातडी युरोपातली आणि ऊन इथलं, ते जमत नाही. १९८१ पासून टीव्हीवर एक सीगल पक्षी नाचून सांगायचा की शर्ट चढवा, क्रीम फासा, टोपी घाला, आणि १९८८ पासून आमच्या व्हिक्टोरियात त्याचा नीट कार्यक्रम झाला. आपल्या कातडीत ऊन अडवणारं रंगद्रव्य, मेलॅनिन, भरपूर, आपल्याकडे हा कॅन्सर कमी. त्यामुळे ठाण्याच्या शाळेत सनस्क्रीनची बाटली ठेवा असं मी अजिबात म्हणणार नाही. तसंही क्रीमवर किती भरवसा ठेवायचा, २०२५ मध्ये इथल्या ग्राहक संघटनेने एसपीएफ (क्रीम ऊन किती अडवतं त्याचा आकडा) ५० आणि ५०+ वाली २० सनस्क्रीन तपासली तर १६ लेबलावरच्या आकड्याला पोचलीच नाहीत. आणि आपल्याकडे ही क्रीमं विकली जातात ती 'टॅन जाईल' म्हणून. "उन्हात खेळू नको, काळी पडशील" हे ऐकत आमची अख्खी पिढी वाढली, त्याच वाक्याला आता शाळेची मान्यता कशाला द्यायची. (डोळ्यांचं मात्र तसं नाही हां, जास्त ऊन मोतीबिंदूला हातभार लावतं, तिथे कातडीचा रंग बघत नाही.)

आपला खरा शत्रू उकाडा आहे, तोही दमट. घाम सुकतच नाही तर अंग थंड कसं होणार. म्हणून तर हवामान खातं किनारपट्टीला ३७ डिग्रीपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, मैदानी भागात ४० पासून. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात १४ माणसं गेली, पारा ३८ च्या आसपासच होता. लाखो माणसं तासन्‌तास उघड्या मैदानात बसली होती, डोक्यावर मांडव नाही. ती मोठी माणसं होती, उठून जाऊ शकत होती निदान. पीटीच्या तासाला सर 'विश्राम' म्हणेपर्यंत दुसरीतलं पोरगं हलतं का? लहान मुलांना तहान लागलेली कळतही नाही खेळण्याच्या नादात.

आणि सावलीचं म्हणाल तर ठाण्याच्या नव्या शाळांची मैदानं बघा, पेव्हर ब्लॉक नाहीतर हिरवं टर्फ. ते प्लॅस्टिकचं गवत उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, कारण त्यातून पाणी उडत नाही. इकडेही शाळांमध्ये तो प्रकार आहे, म्हणून आमच्या शाळेने त्यावर कापडाची शेड ताणलीय, चार खांब आणि त्रिकोणी कापड, बास. आपल्याकडे तर करंज आहे, ऐन उन्हाळ्यात नवीन पालवी फुटून गच्च सावली देतो, आणि आपण लावतो काय तर शोभेचे पाम. पाम!

पाळणाघरांची गोष्ट उलटीच आहे. ती बहुतेक फ्लॅटमध्ये, पोरं दिवसभर ट्यूबलाईटखाली, त्यांना ऊन लागण्याचीच गरज आहे. त्यांना सकाळी आठ-साडेआठला अर्धा तास पोडियमवर, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगवरच्या मोकळ्या जागेत, न्या, एवढंच. तिथे व्हरांड्याचा नियम घेऊन गेले तर मला वेड्यात काढतील.

शाळेचं मात्र मी वहिनीला सांगितलंय. भाचीच्या युनिफॉर्मच्या लिस्टमध्ये टाय आहे, बेल्ट आहे, काळे बूट आहेत, टोपी नाही. मागे एकदा ती स्वतःची टोपी घालून गेली तर प्रार्थनेच्या आधी काढायला लावली, शिस्त म्हणे. गळा आवळायला कापड चालतं, डोकं झाकायला चालत नाही. जूनमध्ये पालकांची मीटिंग असते तेव्हा एवढंच मागा की टाय काढा आणि सुती, काठाची टोपी घाला, आणि पीटी साडेनऊच्या आत उरका. वहिनी म्हणाली विचारेन, पण टोपी आली की ती पण लोगोवाली, त्याच ठरलेल्या दुकानातून चारशे रुपयांना घ्यायला लावतील. ते काही मी खोडू शकले नाही, इकडेही सेम आहे, शाळेचीच टोपी पाहिजे आणि बाहेर मिळते त्याच्या दुप्पट किमतीला.