भाड्याचा आकडा नंतर, आधी पाणी विचारा

परवा भाच्याचा फोन आला. भाऊजी रिटायर झालेत, पैसे हातात आलेत. "मामा, औसा रोडला एक टू बीएचके बघायलो. ३८ लाख. एजंट म्हणायलाय, ११ हजार भाडं फिक्स. हप्ता भाड्यातूनच फिटतो म्हणे."

'फिक्स' म्हणलं की माझ्या पोटात गोळा येतो. लातुरात माझ्या घरावर तीन खोल्या आहेत, बारा वर्षं झाली पोरांना भाड्यानं देतोय. त्यातला एकही आकडा कधी फिक्स राहिलेला मी पाहिला नाही.

म्हणून त्याला फोनवरच हिशेब मांडून दाखवला. ११ हजार गुणिले बारा म्हणजे १ लाख ३२ हजार, हे एजंटचं गणित. भाडेकरू बदलताना एक महिना घर मोकळं राहणारच, ११ हजार गेले. सोसायटीचा मेंटेनन्स बाराशे धरला तरी वर्षाला १४ हजार ४००. घरपट्टी-नळपट्टी सात हजार. रंग, नळ, एजंटची दलाली मिळून दहा हजार. उरले ८९ हजार ६००. आणि घर ३८ लाखांत पडत नाही बाबा. मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून ४० च्या वर जातं. म्हणजे वर्षाला सव्वादोन टक्के. याच्या दुपटीहून जास्त तर बँकेतली एफडी देते, तीही झोपल्या जागी. आणि २८ लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलंस तर हप्ता २४ हजारांच्या वर बसतो. कोणत्या भाड्यातून फिटणार?

"पण किंमत वाढते की, मामा." वाढते, खरंय. पण ती विकायच्या दिवशी कळते. तोपर्यंत हप्ता तुझ्या पगारातून जातो.

घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः भाडं खातो, तर कुठल्या तोंडानं म्हणू? पण आमच्याकडं लोक आधी भाडं विचारतात, मग हप्ता, आणि पाण्याचं तर राहूनच जातं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. घरमालकांचं काय झालं ते कुणी दाखवलं नाही. माझा बोअर मार्चमध्येच आटला होता. टँकरसाठी फोन केला की 'उद्या बघू'. वर सहा पोरं, नीटचा अभ्यास, आणि आंघोळीला एकेक बादली. एका पोराचे वडील परभणीहून आले, छतावरच्या टाकीत डोकावून बघितलं, काही न बोलता पोराची गादी गुंडाळली. भाडं मागायची माझी हिंमत झाली नाही. त्या वर्षीच्या वहीत एप्रिल-मेपुढं जमेची बाजू कोरी आहे, खर्चाच्या बाजूला फक्त 'टँकर, टँकर, टँकर'.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगतो, घर मे महिन्यात बघा, दुपारी. दिवाळीत बघितलेल्या घराला पाणी असतंच. बोअर किती फूट, मोटर किती वेळ चालते, नळ किती दिवसांनी येतो, हे बिल्डरला विचारू नका. वॉचमनला विचारा, नाहीतर खालच्या मजल्यावर धुणं वाळत घालणाऱ्या मावशींना.

पोरांना खोल्या द्यायच्या असतील तर अजून एक. ट्यूशन एरियाजवळ कॉटवर, म्हणजे खोलीऐवजी दर कॉटमागं भाडं घेतलं तर, पैसे चांगले मिळतात, पण नीट झाली की पोरं बॅगा भरतात, आणि नवी पोरं दहावीचा निकाल लागल्यावर येतात. मधले दीड-दोन महिने खोलीत फक्त झुरळं. तेव्हा हिशेब दहा महिन्यांचाच धरा.

आता माझी चूक सांगतो, भाच्यालाही सांगितली. खालच्या मजल्यावर एक ओळखीतलं कुटुंब ठेवलं होतं. शंभराच्या बॉण्डवर लिहून नोटरी केली, झालं. अकरा महिने संपले, ते काही निघेनात. वर म्हणाले, 'डिपॉझिट दीड लाख दिलंय', दिले होते चाळीस हजार. वकिलाकडं गेल्यावर कळलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच आधी धरलं जातं. शिक्षेची तरतूदही मालकालाच, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, एवढं समजायला मला चौदा महिने लागले. आता लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, ऑनलाइन नोंदवता येतो. भाडेकरूची माहितीही पोलिसांत देऊन ठेवतो.

फ्लॅटऐवजी प्लॉट घ्यायचा असेल तर प्रकरण वेगळंच. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनाम, मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम), देवस्थानच्या जमिनी जागोजागी आहेत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसलं, किंवा इतर हक्कात कूळ, देवस्थान असं काही दिसलं की हात आखडता घ्या. जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) आणि खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) काढून आपल्याकडच्या जुन्या वकिलाला दाखवा. एजंट म्हणतो 'सगळे घ्यायलेत'. घेणाऱ्यांपैकी किती जणांनी फेरफार वाचलाय, ते विचारून बघा एकदा.

टॅक्सचं थोडक्यात. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत. पण घरपट्टी त्या वर्षात स्वतः भरलेली पाहिजे, नुसती थकवून ठेवलेली चालत नाही.

भाचा काल भर दुपारी फ्लॅट बघून आला. संध्याकाळी फोन. "मामा, टँकर एक दिवसाआड येतोय म्हणला वॉचमन." भाव पाडून मागायचा का सोडायचा, घरात चर्चा चालू आहे. बोअर किती फूट ते विचारायचं राहिलं म्हणे, उद्या परत जाणार आहे.