दहा हजार तासांच्या ‘नियमा’बाबत खुलासा
१०,००० तास सराव केला की कोणीही कोणत्याही विद्येत पारंगत होतो, हा पालकांमध्ये फिरणारा दावा ज्या अभ्यासाच्या आधारे केला जातो, त्यात तसे म्हटलेलेच नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा आकडा बर्लिनमधील सर्वोत्तम व्हायोलिन-विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची सरासरी होता. सरासरी म्हटली की काहींचे तास तिच्याहून कमी असणारच. अर्जेंटिनातील बुद्धिबळपटूंच्या २००७ मधील अभ्यासात तर मास्टर पातळी गाठायला एकाला सुमारे ३,००० तास पुरले आणि दुसऱ्याला २३,००० हून अधिक लागले. अशा वेळी शेजारच्या मुलाचे तास मोजून आपल्या मुलीला आळशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. सराव व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. एरिक्सन यांचा भर तासांच्या संख्येपेक्षा उणिवा हेरून, शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या सरावावर होता.